आईच्या खुर्चीवर तिनुके

इबिदुनची गाडी दारात थांबली तेव्हा अंगणात चुली पेटल्या होत्या, ओफाडा भाताचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता आणि बायका कशावर तरी पोट धरून हसत होत्या. ती उतरली तसं हसणं ओसरलं.

एरवी तिला याचं काही वाटलं नसतं. ती कुठल्याही बाजारात शिरली की टोमॅटोवाल्या गप्प होत, कुणी पोराला पाठीमागे ओढून घेई, एखादी ओठातल्या ओठात येशूचं नाव घेई. पडद्यावर जिनं अर्ध्या योरुबा मुलखाच्या सुनांना विष घातलं, सवतींची लेकरं गिळली, उंबऱ्याखाली केस पुरले, तिला बघून लोकांनी दुसरं काय करावं? पण या बायका घरच्या होत्या. काक्या, जुन्या शेजारणी. त्यांना ती दूध पिण्याच्या वयापासून ठाऊक होती.

"अगं, तू?" कोलापो घरातून लगबगीनं बाहेर आला. थोरला भाऊ, कोर्टातला कारकून, आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारखा लिहून लिहून त्याच्या चेहऱ्यावर कायमची एक अडचण बसली होती. "शूटिंग आहे म्हणाली होतीस ना? सोडणार नाहीत म्हणालीस."

"सोडलं."

"सोडलं म्हणजे? त्यांनी सोडलं का तू सोडलंस?"

"दादा, माझ्या मुलीची आज बोलणी आहेत. मला दारातच उभी करणार आहेस का?"

"छे छे. ये ना. ये की." तो बाजूला झाला, पण पुरता झाला नाही. तिला अंग चोरून आत जावं लागलं.

तिनं शूटिंग सोडलं होतं हे खरं. आणि यावेळची भूमिका परिचारिकेची होती. खेडेगावातली साधी बाई, जी पुरात अडलेल्या बायकांची बाळंतपणं करते. कितीतरी वर्षांनी तिच्या वाट्याला असं माणूस आलं होतं, ज्याला शेवटी कुणी दगड मारत नाही. निर्माता म्हणाला, शनिवारी नसशील तर सोमवारी दुसरी बाई उभी करतो. ती म्हणाली, कर. गाडीत बसल्यावर तिला रडू आलं होतं, पण सागामूच्या पुढे लेकीचा विचार करता करता ते आपोआप थांबलं होतं.

"माझं लेस कुठंय?" तिनं विचारलं. वधूच्या आईचं ते गर्द जांभळं लेसचं कापड तिनंच लागोसला निवडलं होतं आणि महिन्यापूर्वी शिवायला धाडलं होतं. "आधी कपडे बदलते. मग चुलीकडे बघते."

तिनं आतल्या खोलीचा पडदा सारला.

आरशासमोर तिनुके उभी होती, तिची धाकटी बहीण. अंगावर तेच जांभळं लेस होतं, मापात शिवलेलं, कंबरेला जराही सैल नाही. डोक्याला 'गेले', तो मोठा फेटा, बांधायचं काम अर्धवट राहिलं होतं आणि कडक कापडाचं एक टोक एखाद्या मोडक्या पंखासारखं कानावर लोंबत होतं. कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बाबा बसले होते. दृष्टी गेल्यापासून ते असेच, हनुवटी वर करून, घराचे आवाज ऐकत बसत. एके काळी आलारापे नाटक मंडळीची गाडी घेऊन ते इलोरीनपासून अक्रापर्यंत फिरले होते. आता त्यांचा फेरफटका पलंगापासून खुर्चीपर्यंत.

"कोण ते?" बाबांनी विचारलं.

"मी, बाबा. इबिदुन."

"आलीस. मी म्हटलंच होतं, ती येईल." त्यांनी मान तिनुकेच्या दिशेनं वळवली. "म्हटलं होतं ना?"

तिनुकेनं आरशातूनच बहिणीकडे पाहिलं. "ताई, बस जरा."

"बसते. पण तू हे का घातलंयस? तुझं पिवळं कुठं गेलं?"

"दादा सांगेल."

कोलापो पडद्याशी घुटमळत उभा होता. आत आला, पलंगाच्या कडेला टेकला, परत उठला. "हे बघ इबी, रागावू नकोस. तिकडची माणसं चर्चची आहेत. विहीणबाई तर अगदीच. उपास काय, डोंगरावर जाऊन प्रार्थना काय. त्यांना तुझे सिनेमे... म्हणजे कुणीतरी त्यांना काहीतरी दाखवलं. त्या म्हणाल्या, ज्या हातानं वधूचं कापड पुरलं तो हात आमच्या मुलाच्या डोक्यावर नको. अडाणीपणा आहे, मला मान्य आहे. पण लग्न त्यांच्या घरात व्हायचंय. म्हणून आम्ही म्हटलं, आजच्यापुरतं तिनुके बसेल आईच्या खुर्चीवर. नाहीतरी मुलीला वाढवलं तिनंच."

शेवटचं वाक्य त्याला बोलायचं नसावं. निसटलं.

इबिदुन पलंगावर बसली. हे नवं नव्हतं. इबादानला एका पेट्रोल पंपावर मुलानं तिच्या हातून पैसे घ्यायला नकार दिला होता. जमिनीवर ठेवा म्हणाला. ती अशा लोकांशी बोलून बोलून त्यांना वळवायची. हसवायची. शेवटी तेच तिच्याबरोबर फोटो काढून घ्यायचे.

"मी बोलते त्यांच्याशी," ती म्हणाली. "आल्या की मी बाहेरच जाऊन भेटते. त्यांच्यापुढे गुडघे टेकते. म्हणते, बाई, ते माझं काम आहे. मी रविवारी चर्चला जाते. माझ्या डोक्यावर तुम्हीच आधी हात ठेवा. त्यांचं मन वळेल, दादा. बायकांची मनं मला कळतात."

"नको, नको. तसलं काही करू नकोस."

"का नको?"

"अगं, मी सांगतो ना. बाई फार कडक आहे. एकदा नाही म्हणजे नाही. माझ्याशी स्वतः बोलली ती. फोनवर."

"कोलापो," बाबा म्हणाले.

"काय बाबा?"

"तू लहानपणापासून वाईट नट आहेस. म्हणून मी तुला पडदा ओढायला ठेवला होता." म्हाताऱ्याचा आवाज थकलेला होता, त्यात थट्टा नव्हती. "तिला खरं सांग. नाहीतर बाहेर जा."

तिनुकेनं डोळ्यांना हात लावला आणि काजळ फिसकटलं.

"तिनु. तू सांग."

"मी नाही सांगणार. मी कशी सांगू? जिनं केलं तिला विचार."

पडद्याबाहेरून आवाज आला, "मावशी, मी सांगते."

मोरोलाके आत आली. अंगावर निळीत रंगवलेल्या आदिरे कापडाचा साधा झगा, केस विंचरून वर बांधलेले, चेहऱ्यावर अजून रंग नाही. सव्वीस वर्षांची, इबादानच्या एका औषधदुकानात नोकरी करणारी, हिशेबी, कमी बोलणारी मुलगी. तिचा बाप कॅमेरामन होता. ओरेच्या रस्त्यावर चित्रीकरणाहून परत येताना अपघातात गेला, तेव्हा ही रांगत होती. इबिदुननं हात पुढे केला, पण मुलगी दाराशीच थांबली.

"तायोच्या आईनं काही म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "त्यांना काही ठाऊकच नाही."

"काय ठाऊक नाही?"

"तू माझी आई आहेस, हे."

अंगणात कुणीतरी पातेल्यावर झाकण आदळलं.

"पहिल्याच दिवशी तायोनं विचारलं, आई काय करते," मोरोलाके सांगू लागली, सरळ, पाठ केल्यासारखं. "मी मावशीचंच काम सांगितलं, इतोकूच्या बाजारात आदिरे विकते. तोंडातून निघून गेलं. मग तो एकदा दुकानावर आला, मावशीला भेटला, तिनं त्याला जेवायला घातलं. मला वाटलं, पुढच्या वेळी सांगू. मग त्याची आई आली. मग फारच उशीर झाला."

"आणि तू?" इबिदुन तिनुकेकडे वळली. "पोरगा तुला आई म्हणाला आणि तू जेवायला वाढलंस?"

"मला वाटलं, सगळ्यांच्या आयांना म्हणतात तसं म्हणतोय," तिनुके म्हणाली. "कळलं तेव्हा मी हिला झापलं. ताई, देवाशपथ झापलं. पण पोर रडायला लागली. तुला ठाऊक नाही ती कशी रडते."

हे शेवटचं वाक्य तिनुकेनं टोमणा म्हणून मारलं नव्हतं. तरी ते तसं लागलं.

"मला का नाही सांगितलंस, लाके? मागच्या ईस्टरला तू माझ्याकडे चार दिवस होतीस."

"काय सांगायचं? इलेशातल्या त्या मुलाचं काय झालं ते तरी कुठं सांगितलं होतं?"

"कुठल्या मुलाचं?"

"बघ." मुलगी हसल्यासारखं करून थांबली. "तायोच्या आधी एक होता. ठरल्यासारखंच होतं. त्याच्या आईनं टीव्हीवर तुला पाहिलं आणि माझ्या पायाच पडली. म्हणाली, माझा एकुलता एक आहे, सोड त्याला. मोठी बाई, पांढरे केस, माझ्या पायावर. तू तेव्हा इनुगूला होतीस. मी मावशीकडे आले आणि तीन दिवस झोपून राहिले."

"मला फोन करायचास. मी आले असते."

"आणि काय केलं असतंस? तुला पाहून ती आणखी घाबरली असती."

कोलापो म्हणाला, "लाके, पुरे."

"नाही मामा, विचारतेय तर ऐकू दे. शाळेच्या वसतिगृहात माझ्या खाटेशेजारी कुणी झोपत नसे. वॉर्डन बाई रोज संध्याकाळी माझ्या कपाळाला तेल लावून प्रार्थना म्हणायच्या, सगळ्या मुलींसमोर. मला गोवर निघाला होता तेव्हा तू टीव्हीवर होतीस, गुरुवारच्या मालिकेत. एका लेकराचा गळा दाबत होतीस आणि मी तापात किंचाळत होते. मावशीनं टीव्ही भिंतीकडे वळवून ठेवला. तो महिनाभर तसाच होता." तिनं श्वास घेतला. "मला तुझा राग नाही, आई. तू आमच्यासाठीच केलंस ते. हे घर, माझं शिक्षण, सगळं त्यातूनच आलं. ठाऊक आहे मला. पण मला एकदा, फक्त एकदा, कुणाला भीती न वाटता लग्न करायचंय."

इबिदुनला सांगायचं होतं, की तिनं किती वेळा दुसरं काम मागितलं. शिक्षिका, भाजीवाली, मुकी मोलकरीण, काहीही. सगळे म्हणायचे, तुमच्या चेहऱ्याला बघून लोक रडत नाहीत बाई, शाप देतात. आणि शाप देणाऱ्यांचीच तिकिटं जास्त विकली जातात. तिला परिचारिकेचंही सांगायचं होतं. पण मुलीच्या तोंडाकडे बघितल्यावर हे सगळं वकिलाच्या युक्तिवादासारखं वाटलं.

"दोष माझा," बाबा खुर्चीतून म्हणाले. "मंडळीत चार मुली होत्या. रडायला चारही जणींना येत होतं. हिनं एकदा नुसतं वळून पाहिलं आणि पुढच्या रांगेतलं पोर आईला बिलगलं. सतरा वर्षांची होती. मी म्हटलं, चेटकीण हीच करेल. तेव्हापासून..." त्यांनी मान दाराकडे वळवली. "लाके, जिनं जन्म दिला तिनंच बसावं खुर्चीवर. माझं ऐकणार असशील तर."

"मी उठते," तिनुके एकदम म्हणाली आणि डोक्याचं कापड ओढू लागली. "माझ्यानं हे होणार नाही. सख्ख्या बहिणीच्या देखत? लोक थुंकतील माझ्यावर. ताई, घे हे. लेस तुला सैल होईल, पिना लावू."

"तिनुके, वेडेपणा करू नकोस," कोलापो म्हणाला. "माणसं इजेबूहून निघालीत. पोचतील इतक्यात. त्यांना काय सांगणार, मुलीनं वर्षभर खोटं सांगितलं म्हणून? जिचं सुरुवातीचंच बोलणं खोटं, तिला कोण घरात घेईल?"

"मग मी तायोला फोन करते," मोरोलाके म्हणाली. आवाज चढला नव्हता. "येऊ नका म्हणते. तेच बरं."

तिनं खरंच फोन काढला. तिचा अंगठा काचेवर टेकलेला इबिदुनला दिसला. त्या मुलीच्या हनुवटीखाली एक शीर उडत होती.

"लग्नानंतर कधी सांगणार आहेस?" इबिदुननं विचारलं.

"सांगेन. हळूहळू."

"बाळंतपणाला आई येते, लाके. अंघोळ घालायला, शेकायला. तेव्हा कोण येणार?"

मुलीची नजर नकळत तिनुकेकडे गेली आणि परत आली. इबिदुनला आणखी विचारण्यासारखं काही उरलं नाही.

बाहेर हॉर्न वाजला. मागोमाग दुसरा. अंगणातल्या बायकांनी स्वागताचं गाणं उचललं आणि कुणीतरी ओरडलं, आले, आले.

इबिदुन उठली. तिनुकेच्या हातातून तिनं कापडाचं लोंबतं टोक सोडवून घेतलं. "सरळ उभी राहा. मान खाली घालू नकोस, 'गेले' तिरकं बसतं." तिनं कापड कपाळाशी ताणलं, घड्या पाडल्या, मागे गाठ मारली. चित्रीकरणाच्या घाईत असं तिनं शेकडो नट्यांना बांधून दिलं होतं. मग रुमाल ओला करून तिनुकेच्या गालावरचं काजळ पुसलं.

"ताई..."

"बोलू नकोस. पुन्हा फिसकटेल." ती मुलीकडे वळली. "तू जा, रंग लाव तोंडाला. मी मागच्या बायकांत बसते. कुणी विचारलं तर मी तिनुकेची बहीण. तेवढं तर खरं आहे."

मोरोलाके पुढे आली. तिला मिठी मारायची असावी. पण फोन हातातच होता आणि तो वाजू लागला, तायोचा, दाराशी आलोय म्हणून. ती तो कानाला लावत निघून गेली.

दिवाणखान्यात दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडल्या होत्या. मध्ये टेबलावर मध, कोलाच्या बिया, मीठ, फळांच्या टोपल्या. वराकडची दहा-बारा माणसं पांढऱ्या-हिरव्या कपड्यांत आली आणि तायो, म्हणजे तायेलोलू, उंच, लाजरा, मित्रांसह नमस्कारासाठी जमिनीवर पालथा झाला. आधी बाबांपुढे, मग कोलापोपुढे, मग तिनुकेपुढे. बायकांनी त्याला नियमाप्रमाणे छळलं. कपाळ फरशीला लागलं नाही म्हणाल्या, परत झोप म्हणाल्या. सगळे हसले. इबिदुनही हसली. ती खिडकीजवळ, तिनुकेच्या पिवळ्या साध्या कापडात, डोक्याचं वस्त्र भुवयांपर्यंत ओढून बसली होती.

पण तो चेहरा लपणारा नव्हता. विहीणबाई पाणी पिता पिता थांबल्या. भरदार बांध्याच्या, निवृत्त मुख्याध्यापिका, गळ्यात मोठा क्रूस. त्यांनी चष्मा लावला.

"ए बाई," त्या म्हणाल्या. "जरा इकडे बघा."

इबिदुननं वर पाहिलं. आता त्या किंचाळतील, उठून जातील, सगळं संपेल. आणि अगदी क्षणभर, लाज वाटावी इतकं, तिला ते हवंसंही वाटलं.

विहीणबाईंनी टाळी वाजवली. "बघितलंस, तायो? ही तीच. इबिदुन आलारापे." त्या उठून आल्या, तिचे दोन्ही हात धरले. "अहो, आमच्याकडे गुरुवारी स्वयंपाक लवकर उरकायचा तुमच्यासाठी. तायोचे वडील, देव त्यांना शांती देवो, तुम्हाला शिव्या घालायचे आणि मी म्हणायची, शिव्या बसतात म्हणजे बाईचं काम खरं. असं काम करायला केवढी मोठी छाती लागते. आणि तुम्ही यांच्या नात्यातल्या? मोरोलाके, बेटा, कधी बोलली नाहीस."

मोरोलाके तिनुकेच्या खुर्चीजवळ उभी होती. रंगवलेल्या तोंडावर काही दिसत नव्हतं. पण हातातली मधाची वाटी तिनं टेबलावर ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

"माझी थोरली बहीण," तिनुके म्हणाली.

"वा. मग बहिणीशेजारी बसा, मागं कशाला?" विहीणबाईंनी स्वतः खुर्ची ओढली. इबिदुन आईच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसली. "तो एक शाप आहे ना तुमचा, विहिरीवरचा, तो एकदा म्हणून दाखवता?"

"आज नको," इबिदुन म्हणाली. "शुभ दिवस आहे."

"बघा. किती शहाणी बाई." त्या आपल्या माणसांकडे वळल्या. "लोक उगाच भितात. मुख्याध्यापिका म्हणून मलाही पोरं चेटकीण म्हणायची."

सगळे पुन्हा हसले. इबिदुननं मुलीकडे पाहिलं. अजूनही वेळ होती. एवढी हसरी, एवढी मोकळी बाई. एक वाक्य पुरलं असतं. 'मी खोटं बोलले, माझी आई ही आहे.' विहीणबाई रागावल्या असत्या, कदाचित घटकाभर. कदाचित तेवढंही नाही. मोरोलाकेच्या डोळ्यांत तेच उभं राहिलेलं तिनं पाहिलं, सगळं फुकट होतं ही समज, आणि तिच्या मागोमाग भीती, जी आता बदलायला तयार नव्हती.

मुलगी गुडघ्यांवर बसली. तिनुकेपुढे. तिनुकेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तुझं घर भरो, तुझं पोट भरो, तुझ्या लेकरांना तुझा चेहरा ओळखीचा राहो, असं म्हणता म्हणता तिचा आवाज फुटला. पाहुण्यांना वाटलं, आईचं काळीज आहे. दोघी-तिघींनी डोळे टिपले. इबिदुनच्या गुडघ्याला मुलीचा खांदा जवळजवळ लागत होता. तिनं आपला गुडघा आत ओढून घेतला.

मग मध फिरला. कोला फुटला. तारखेचं बोलणं झालं, डिसेंबर ठरला. जेवणाची ताटं आली तेव्हा विहीणबाई पुन्हा इबिदुनकडे वळल्या, हातात चमचा, अगदी घरगुती आवाजात.

"तुम्हाला मुलं किती?"

मोरोलाके समोर पाणी वाढत होती. पाण्याचा जग तिच्या हातात होता, आणि तो तसाच तिरका राहिला. पाणी पेल्यातून वर आलं, टेबलावर पसरलं. तिनं वर पाहिलं नाही.

इबिदुननं वाट पाहिली. तिला वाटलं तिनं बराच वेळ पाहिली. खरं तर एखादा घास गिळायला लागतो तेवढाच वेळ असेल.

"देवानं दिलं नाही," ती म्हणाली.

"अरेरे." विहीणबाईंनी चमचा ठेवला. चेहरा खरोखर दुखावला. "आणि पडद्यावर तुम्हाला दुसऱ्यांची लेकरं मारायला लावतात. किती जिवावर येत असेल. नाही, नाही, असं नाही. बायबलातली सारा नव्वदीची होती, तरी तिला मुलगा झाला. उठा सगळे, हात धरा."

"विहीणबाई, जेवण गार होतंय," कोलापो म्हणाला.

"होऊ दे गार."

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. तिनुके उठली, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. बाबा बसूनच राहिले. विहीणबाईंनी आपला जड, ऊबदार हात इबिदुनच्या डोक्यावर ठेवला आणि त्या प्रार्थना करू लागल्या. वर्गात बोलतात तशा ठाम आवाजात. प्रभू, या तुझ्या लेकीची मांडी रिकामी ठेवू नकोस. हिला आई म्हणणारं तोंड दे. म्हातारपणी हिच्या दारात उभं राहणारं लेकरू दे, जे जगासमोर म्हणेल, ही माझी आई.

"आमेन," वराकडची माणसं म्हणाली.

"आमेन," कोलापो म्हणाला, खाली बघत.

"आमेन," तिनुके म्हणाली, पण ते नुसते ओठ होते.

विहीणबाई थांबल्या. सगळ्यांचं होईपर्यंत त्या हात काढणाऱ्यांतल्या नव्हत्या. टेबलाच्या पलीकडून, पाण्याचा जग छातीशी धरलेला, एक आवाज आला, इतका हळू की तो फक्त जिच्यासाठी होता तिलाच ऐकू गेला असेल. "आमेन."

"आणि तुम्ही," विहीणबाई मायेनं म्हणाल्या आणि डोक्यावरचा हात जरा दाबला. "ज्याच्यासाठी मागायचं त्यानंही म्हणावं लागतं."

इबिदुननं डोळे मिटले.

"आमेन," ती म्हणाली.